झोपेत शिरणारी जाहिरात

आज आपण झोपेबद्दल बोलणार आहोत. झोपेवर काय बोलायचं, पाठ टेकली की लागते, असं काहीजणी म्हणतील. पण सध्या मोबाइलवर, घड्याळावर, टीव्हीवर ‘शांत झोप’ विकायला आली आहे. आणि दूरदेशी काही कंपन्यांनी झोपलेल्या माणसाच्या स्वप्नात आपला माल दाखवायचा प्रयत्नही करून पाहिला आहे. ऐकायला गोष्टीतलं वाटतं, पण हे खरं घडलं आहे. म्हणून हे कसं चालतं, त्यात कितपत दम आहे आणि आपण काय सांभाळायचं, ते आज समजून घेऊ.

सुरुवात आपल्या शेतापासून करू. कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्हाला हा अनुभव आलाच असेल. दिवसभर वेचून घरी यायचं, भाकऱ्या थापायच्या, भांडी आवरायची आणि अंथरुणावर पडायचं. डोळे मिटले की समोर पांढरी बोंडंच बोंडं! हात थांबलेले असतात, पण डोक्यातली वेचणी थांबलेली नसते. भातलावणी केली की चिखल आणि रोपं दिसतात. दिवसभर शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला टीप धावताना दिसते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांना असाच अनुभव आला. ते दिवसभर डोंगर चढून आले आणि रात्री अंथरुणात त्यांना हाताखाली खडक असल्याचा भास होऊ लागला. मग त्यांनी याचा अभ्यास करायचं ठरवलं. काही लोकांना त्यांनी टेट्रिस नावाचा खेळ खेळायला दिला. पडद्यावर वरून तुकडे पडतात आणि ते नीट बसवायचे, असा हा खेळ. रात्री झोप लागता लागता यातल्या बऱ्याच जणांना डोळ्यांसमोर तेच तुकडे पडताना दिसले. त्यात पाचजण असे होते की मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना आपण खेळ खेळलो हेसुद्धा आठवत नव्हतं. तरी त्यांच्यातल्या तिघांनी ते आकार दिसल्याचं सांगितलं. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी कळल्या. दिवसा जे पुन्हा पुन्हा पाहिलं, केलं, ते झोपेत परत येतं. आणि ते परत येण्यासाठी आपल्याला आठवण असावीच लागते असं नाही. जाहिरातवाल्यांना हीच दुसरी गोष्ट आवडली असणार.

झोपेत मेंदू काय करतो?

झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखं सगळं बंद, असं नसतं. शरीर पडून असतं, पण मेंदू कामावर असतो. सुपात धान्य घेऊन आपण पाखडतो, दाणे ठेवतो, भुसा उडवतो, तसं काहीसं मेंदू दिवसभराच्या आठवणींचं करतो. काही पक्क्या करतो, काही सोडून देतो, नव्या आठवणींची जुन्यांशी जोड लावतो.

झोपेचे टप्पे असतात. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग एक वेगळाच टप्पा. त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. बाळ झोपलेलं असताना नीट पाहिलंत तर हे दिसेल. शिकागोमध्ये 1953 साली शास्त्रज्ञांनी या टप्प्याची नोंद केली. ठसठशीत स्वप्नं जास्त करून याच टप्प्यात पडतात. साधारण दीड तासाचं एक आवर्तन असतं आणि रात्रभरात अशी चार-पाच आवर्तनं होतात. पहाटेकडे स्वप्नांचा टप्पा लांबतो. म्हणून पहाटेचं स्वप्न आपल्या जास्त लक्षात राहतं.

आता एक प्रश्न. झोपेत आपल्याला ऐकू येतं का? याचं उत्तर प्रत्येक आईला माहीत आहे. शेजारी घोरणं चालू असतं, बाहेर कुत्री भुंकत असतात, तरी झोप मोडत नाही. पण बाळ नुसतं कुरकुरलं तरी आई उठून बसते. म्हणजे कान उघडे असतात आणि कशासाठी जागं व्हायचं हे मेंदू आतून ठरवत असतो.

वासाचंही तसंच आहे. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवायला सांगितलं आणि त्या वेळी गुलाबाचा वास दिला. रात्री गाढ झोपेत पुन्हा तोच वास दिला. सकाळी त्या लोकांना जोड्यांच्या जागा जास्त चांगल्या आठवल्या.

पुढे 2014 साली इस्रायलमध्ये याहून मोठी गोष्ट दिसली. विडी-सिगारेट सोडायची इच्छा असलेल्या लोकांना झोपेत सिगारेटचा वास आणि त्याच्या जोडीला कुजक्या मासळीचा किंवा सडक्या अंड्याचा वास देण्यात आला. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं, पण पुढच्या काही दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. हेच वास जागेपणी दिले तेव्हा असा फरक पडला नाही.

याचा चांगला उपयोग होऊ शकतो, हे उघड आहे. एखाद्याचं व्यसन कमी करता येईल, वाईट स्वप्नांनी घाबरून उठणाऱ्याला आराम देता येईल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘डॉर्मिओ’ नावाचं हातात घालायचं एक यंत्र तयार झालं आहे. माणूस झोपेच्या उंबरठ्यावर आला की बोटं सैल पडतात, नाडीचा वेग बदलतो. यंत्र हे ओळखतं आणि हळूच सांगतं, ‘झाडाचा विचार करा.’ थोड्या वेळाने त्या माणसाला उठवून काय दिसलं ते विचारतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लोकांनी सांगितलेल्या दर तीन स्वप्नांपैकी साधारण दोनांत झाड होतं. ही डुलकीच्या सुरुवातीची हलकी झोप होती, रात्रभराची नव्हे. तरीही स्वप्नात बी पेरता येतं, एवढं त्यातून दिसलं. बी कशाचं पेरायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा पुढचा प्रश्न.

पहिली मोठी जाहिरात कशाची होती?

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेत फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना होता. त्याला सुपर बाउल म्हणतात. आपल्याकडे क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना असतो तसा. त्यात बिअरच्या जाहिरातीचा हक्क दुसऱ्याच एका कंपनीकडे होता. म्हणून कूर्स या बिअर कंपनीने वेगळी वाट काढली. टीव्हीवर जाहिरात दाखवता येत नाही, तर लोकांच्या स्वप्नात दाखवू, असं तिने जाहीर केलं.

कंपनीने एक छोटी फिल्म बनवली. त्यात बर्फाचे डोंगर, धबधबे, गार हवा आणि मधूनमधून बिअरचा डबा. झोपण्याआधी ही फिल्म काही वेळा बघायची आणि मग रात्रभर आठ तासांचा आवाजाचा फेरा लावून झोपायचं, अशी कृती सांगितली. फिल्म बघणाऱ्याला बिअरवर सवलत होती. त्याआधी 18 जणांवर करून पाहिलं होतं. त्यातले 12 जण पैसे देऊन आणलेले नट होते, आणि अठरांपैकी पाचेक जणांनी स्वप्नात कंपनीचा माल आल्याचं सांगितलं. म्हणजे याला पक्का शास्त्रीय पुरावा म्हणता येत नाही. स्वप्नात डबा दिसला म्हणून सकाळी कुणी तो विकत घेतला, असंही यातून सिद्ध होत नाही.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. झोपेच्या शास्त्राने सिगारेट कमी होऊ शकते, हे आधी दिसलं होतं. तेच शास्त्र बाजारात आलं तेव्हा दारू विकायला आलं.

आपल्यातल्या कित्येकजणींनी गावातलं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत दिलं आहे, ग्रामसभेत उभं राहून बोललं आहे. आपल्या देशात टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. ती का? तर जाहिरात मनावर काम करते, हे सगळ्यांना मान्य आहे म्हणून. मग कंपन्या त्याच नावाने सोडा आणि पाणी विकतात. 2022 सालच्या केंद्राच्या नियमांनी अशा आडून केलेल्या जाहिरातीलाही मनाई केली आहे. समोरच्या दारातून येऊ दिलं नाही की मागच्या दारातून येण्याची ही जुनी खोड. स्वप्न हे तसंच एक मागचं दार. ज्या घरातला माणूस कष्टाने दारू सोडून दोन महिने राहिला आहे, त्याच्या उशाशी रात्रभर बिअरच्या धबधब्याचा आवाज चालू राहिला तर काय होईल, याचा विचार करा.

हाच धोका ओळखून जून 2021 मध्ये झोपेच्या चाळीसएक अभ्यासकांनी एक खुलं पत्र काढलं. टेट्रिसचा अभ्यास करणारे स्टिकगोल्ड आणि डॉर्मिओ बनवणाऱ्यांपैकी ॲडम हार हे त्या पत्राच्या लेखकांत होते. म्हणजे ज्यांनी ही विद्या पुढे आणली, त्यांनीच इशारा दिला. स्वप्नांच्या जाहिरातींवर वेळीच नियम करा, नाहीतर झोपेच्या खोलीत ठेवलेली बोलकी यंत्रं उद्या रात्रभर जाहिराती कुजबुजतील, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या विक्रीतज्ज्ञांच्या संघटनेने 400 हून जास्त कंपन्यांतल्या लोकांना विचारलं होतं. त्यांतल्या 100 पैकी 77 जणांनी सांगितलं, की येत्या तीन वर्षांत आम्ही जाहिरातीसाठी स्वप्नांचं तंत्र वापरून बघणार. तो पूर काही आला नाही, पण इच्छा काय आहे ते कळलं.

इथे एक जुनी फसवणूकही सांगायला हवी, म्हणजे आपण उगाच घाबरणार नाही. 1957 साली अमेरिकेत जेम्स विकारी नावाच्या माणसाने दावा केला, की सिनेमा चालू असताना डोळ्यांना कळणार नाही इतक्या झटक्यात ‘पॉपकॉर्न खा’ असं पडद्यावर दाखवलं आणि विक्री वाढली. लोक हादरले. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केलं, की आकडे खरे नव्हते. तेव्हा जाहिरातवाला सांगतो ते सगळं खरं नसतं. ‘आम्ही मनात शिरू शकतो’ हीसुद्धा त्याची जाहिरातच असते.

‘परिपूर्ण झोप’ मिळते का?

आता आपल्या गावाकडे येऊ. स्वप्नात जाहिरात घालणारं यंत्र आपल्या घरात नाही. पण झोप देतो म्हणणारी ॲप आणि घड्याळं आली आहेत. ‘फुकट घ्या, शांत झोपा’ असं म्हणतात. उद्या कुणी म्हणालं, ‘रोज रात्री छान झोप लावून देतो, फक्त स्वप्नात आमचं तेल-साबण येऊ द्या’, तर? थकून गेलेली बाई हो म्हणेल की नाही? रात्री दोनला लाइट येते म्हणून पाणी द्यायला उठणारी, चारला पुन्हा चुलीपाशी उभी राहणारी बाई अशा सौद्याला भुलली, तर तिला नावं ठेवता येणार नाहीत. म्हणून हा सौदा आधीच तपासून घेऊ.

मनगटावरचं घड्याळ तुमची हालचाल आणि नाडी मोजतं. त्यावरून झोप किती झाली, याचा अंदाज बांधतं. स्वप्न त्याला दिसत नाही. झोपेची खरी तपासणी दवाखान्यात डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लहरी मोजून होते. जपानमध्ये 2013 साली शास्त्रज्ञांनी झोपलेल्या माणसाला स्वप्नात साधारण काय दिसतंय याचा अंदाज लावून दाखवला, पण त्यासाठी त्याला एमआरआयच्या मोठ्या यंत्रात झोपवावं लागलं. तेव्हा ‘तुमची स्वप्नं ओळखतो’ असं कुठलंही ॲप म्हणालं, तर खुशाल हसा.

शिवाय आकड्यांच्या मागे लागून झोप उडालेलेही लोक आहेत. घड्याळ म्हणालं ‘झोप कमी झाली’, की दिवसभर त्याचीच काळजी आणि रात्री काळजीने पुन्हा जागरण. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 साली या त्रासाला वेगळं नावही दिलं.

मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते. ती का मिळत नाही, हे आपल्याला घड्याळाने सांगायला नको. सरकारने 2019 साली देशभर वेळेची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. हा फरक ॲपने भरून निघत नाही. सगळ्यांत शेवटी झोपणारी आणि सगळ्यांत आधी उठणारी एकच बाई असेल, तर तिथे यंत्र कमी पडत नाहीये, माणसं कमी पडताहेत. सकाळचं पाणी भरणं आणि गुरांचं वैरण घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर जो अर्धा तास मिळेल तो कुठल्याही कंपनीच्या दुकानात मिळत नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, रात्री टीव्ही किंवा मोबाइल चालू ठेवून झोपू नका. भजनं लावून झोपायची सवय अनेकींना आहे. भजन संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं आणि मधे जाहिराती येतात. आता तुम्हाला माहीत आहे, कान उघडे असतात. ऐकायचं तर आधी ऐका, बंद करा आणि मग झोपा. मोबाइल उशाखाली न ठेवता लांब ठेवा.

दुसरं, मुलांकडे लक्ष द्या. झोपण्याआधीचा अर्धा तास जे बघतील, ते त्यांच्या झोपेत जाईल. त्या वेळात रीलऐवजी आजीची गोष्ट बरी.

तिसरं, झोपेचं ॲप घ्यायचंच असेल, तर ते काय मागतं ते बघा. झोप मोजायला तुमच्या फोननंबरांची यादी कशाला हवी? माइकची परवानगी मागत असेल, तर रात्रभर कोण ऐकणार, हे विचारा. ‘सात दिवस फुकट’ म्हणून बँकेचा तपशील मागितला, तर थांबा. आठव्या दिवशी पैसे कापले जातात आणि बंद करायचं बटण सापडत नाही. ग्राहकाला अशा जाळ्यात अडकवण्याला 2023 सालच्या केंद्राच्या नियमांनुसार मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.

चौथं, साध्या गोष्टी सोडू नका. उठायची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. संध्याकाळनंतरचा चहा कमी करा. मच्छरदाणी लावा. आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री झोप येत नसेल आणि असं तीन महिने चालू असेल, किंवा घोरताना घरच्या कुणाचा श्वास अडकत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका.

शेवटचं, संमतीचं. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात म्हटलं आहे, की तुमची माहिती वापरायला तुमची संमती स्वखुशीची आणि समजून दिलेली हवी, आणि ती परतही घेता आली पाहिजे. स्वप्नांचं नाव त्या कायद्यात नाही. पण आपल्या गटाला ही गोष्ट नवीन नाही. कर्जाचा कागद वाचून दाखवल्याशिवाय आपण अंगठा देत नाही. एखादी झोपलेली असताना कुणी तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला, तर त्याला सही म्हणाल का? झोपेत कानात घातलेल्या जाहिरातीचं तसंच आहे. झोपण्याआधी ‘हो’ म्हटलं असलं, तरी मध्यरात्री ‘आता पुरे’ म्हणायला ती जागी नसते. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथल्या होकाराला काही अर्थ नाही.

पुढच्या बैठकीत या दोन गोष्टींवर बोला. तुमच्या घरात सगळ्यांत कमी झोप कुणाला मिळते आणि तिचं कुठलं एक काम दुसऱ्या कुणाला देता येईल? आणि फुकट मिळालेल्या कुठल्या वस्तूची किंमत तुम्हाला नंतर कळली? काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

आजच्यापुरतं एवढंच. रेडिओ बंद करा, आणि निवांत झोपा.